विश्लेषण : देवाचा अधिकार की धर्मगुरूंचा? ख्रिस्ती ‘तारण’ आणि पंडिता रमाबाईंचा संघर्ष

सोनाळा (जि. बुलढाणा) : सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळ्यात संत सोनाजी महाराजांचे संस्थान आहे. याच जिल्ह्यात शेगाव आहे. ‘शरण जाणे’, ‘भार देवावर टाकणे’ हे शब्द इथल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाहीत. ख्रिस्ती धर्मातही विश्वासाचा गाभा जवळपास याच शब्दांत सांगितला जातो. देवाचा अधिकार मान्य करा, त्याच्यावर विसंबा आणि तारण स्वीकारा, असे तिथे सांगतात. पण तारण म्हणजे नेमके काय? देवाचा अधिकार मानायचा, तर त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसांचाही मानायचा का? हा प्रश्न सर्वांत धारदारपणे विचारला तो एका मराठी स्त्रीने. ५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. २०२६ मध्ये ईस्टरचा रविवारही याच तारखेला येतो. त्या निमित्ताने हा विषय समजून घेऊ.

‘तारण’ या शब्दाचा अर्थ काय?

बँकेत किंवा पतसंस्थेत ‘तारण’ म्हणजे कर्जासाठी ठेवलेली वस्तू. सोनेतारण, शेतमाल तारण हे शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले. मराठी बायबलमधले ‘तारण’ वेगळे आहे. ‘तरणे’ म्हणजे पार होणे, बुडता बुडता वाचणे. त्यावरून ‘तारणे’ म्हणजे दुसऱ्याला वाचवणे आणि ‘तारणारा’ म्हणजे वाचवणारा. संतांच्या बोलीतले ‘भवसागर तरून जाणे’ याच कुळातले.

गंमत अशी, की दोन्ही अर्थ एकमेकांशेजारी ठेवले तर ख्रिस्ती कल्पना चटकन कळते. बँकेत तारण कर्जदार देतो. तो काहीतरी गहाण ठेवतो, तेव्हा त्याला पैसे मिळतात. ख्रिस्ती शिकवणीनुसार माणसाकडे गहाण ठेवण्यासारखे काही नाही. पापाचे देणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते देणे येशूने क्रुसावर स्वतःच्या प्राणाने फेडले. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘खंडणी’ हा शब्दही येतो. आज खंडणी म्हटले की पोलीस ठाण्यातला गुन्हा आठवतो. तिथे मात्र तो बंदिवानाला सोडवण्यासाठी भरलेली किंमत या जुन्या अर्थाने आला आहे.

म्हणून तारण ही कमाई नव्हे, देणगी आहे, असे ख्रिस्ती लोक मानतात. या देणगीला ‘कृपा’ म्हणतात आणि ती घेण्यासाठी पुढे केलेल्या हाताला ‘विश्वास’. लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी क्रुसावर टांगलेल्या गुन्हेगाराची हकीकत आहे. त्याच्या हातून एकही पुण्यकर्म होण्याइतका वेळ उरलेला नव्हता. त्याने फक्त येशूकडे आठवण ठेवण्याची विनंती केली आणि त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन मिळाले. कृपा म्हणजे काय हे सांगताना हे उदाहरण हमखास दिले जाते.

मोक्ष आणि तारण एकच का?

दोन्हींत सुटका आहे, पण सुटका कशापासून, याचे उत्तर वेगळे आहे. मोक्ष म्हणजे ढोबळमानाने जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे. तारण म्हणजे पापापासून, म्हणजे देवाशी तुटलेल्या नात्यापासून सुटणे. ख्रिस्ती विचारात पुनर्जन्म नाही. एकच आयुष्य, त्यानंतर न्याय आणि पुनरुत्थान. ईस्टरचे महत्त्व त्यामुळेच. येशू मरणातून उठला, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यालाही मरण शेवटचे नाही, असा हा विश्वास आहे.

भक्तिमार्गाशी मात्र याचे जवळचे नाते दिसते. कर्मकांडापेक्षा शरणागती मोठी, हे वारकऱ्याला पटलेलेच असते. फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ती भजने अभंगाच्या चालीत लिहिली आणि ती मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

देवाचा अधिकार मानणे म्हणजे नेमके काय?

यासाठी बायबलमधली कफर्णहूम गावच्या शताधिपतीची गोष्ट उपयोगी पडते. शताधिपती म्हणजे सुमारे शंभर शिपायांवरचा रोमन अधिकारी. त्याचा चाकर आजारी होता. येशू घरी यायला निघाला, तर हा अधिकारी म्हणाला की तुम्ही येण्याची गरज नाही, नुसता शब्द बोला. कारण त्याने आपल्याच नोकरीवरून दिले. मीही कोणाच्या हुकमाखाली आहे आणि माझ्या हाताखालीही शिपाई आहेत. मी एकाला जा म्हटले की तो जातो.

या गोष्टीत दोन मुद्दे आहेत. पहिला, विश्वास म्हणजे देव आहे असे मानणे एवढेच नाही. त्याच्या शब्दाला वजन आहे, तो शब्द पाळला जाईल, अशी खात्री म्हणजे विश्वास. तलाठी कार्यालय अस्तित्वात आहे हे सर्वांना माहीत असते, पण सातबाऱ्यावरच्या नोंदीवर विसंबून माणूस जमिनीचा व्यवहार करतो तेव्हा तो त्या नोंदीवर भरवसा टाकतो. माहिती आणि भरवसा यांतला हा फरक आहे.

दुसरा मुद्दा असा, की हा शताधिपती यहुदी नव्हता. धर्माच्या हिशेबाने तो बाहेरचा माणूस. तरी येशूने त्याच्या विश्वासाची वाखाणणी सर्वांसमोर केली. देवाचा अधिकार ओळखण्यासाठी कोणत्याही जातीचा किंवा पदाचा दाखला लागत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मग देवाच्या वतीने कोण बोलणार?

इथे ख्रिस्ती जगातच मतभेद आहेत. कॅथलिक चर्च बायबलबरोबर परंपरा आणि पोप-बिशपांची अधिकृत शिकवण यांना प्रमाण मानते. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये सुरू केलेल्या सुधारणा चळवळीतून निघालेले प्रोटेस्टंट पंथ अंतिम प्रमाण केवळ बायबलला देतात. तारण विश्वासाने मिळते की सत्कर्मांनी, यावरही दोन्हींत शतकानुशतके वाद झाला. पौलाच्या पत्रांत विश्वासावर भर आहे, तर याकोबाच्या पत्रात कर्माशिवायचा विश्वास निर्जीव ठरवला आहे. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन महासंघाने संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण कृपेनेच मिळते आणि सत्कर्म हे त्याचे फळ आहे, अशी ढोबळ सहमती त्यात आहे.

चर्चची व्यवस्थाही एकसारखी नसते. कुठे बिशपचा शब्द अखेरचा, तर कुठे मंडळीने निवडलेल्या वडीलजनांचा. विदर्भाचे उदाहरण द्यायचे, तर उत्तर भारतातील सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट परंपरांची मंडळी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात. बिशप हवा की नको, बाप्तिस्मा लहानपणी द्यायचा की कळत्या वयात, अशा प्रश्नांवर त्याआधी अनेक वर्षे वाटाघाटी चालल्या होत्या.

रमाबाई ख्रिस्ती का झाल्या?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थक्षेत्रे फिरत असे. होते नव्हते ते दानधर्मात आणि व्रतांत संपले. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण काही काळाच्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास यांनी पायी देश पालथा घातला. १८७८ मध्ये कोलकात्याच्या पंडितांनी या तरुण स्त्रीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

याच काळात त्यांनी धर्मशास्त्रे वाचली. स्त्री आणि शूद्र यांना स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, या एका बाबतीत अनेक ग्रंथांचे एकमत आहे, असा निष्कर्ष त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नोंदवला आहे. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. दोन वर्षांत पती वारले. पदरात मनोरमा ही लहान मुलगी. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू केला आणि पुढच्या वर्षी शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

तिथे वाँटेज येथील मठवासी भगिनींबरोबर त्या राहिल्या. या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी लंडनमध्ये आश्रम चालवत. ‘पतित’ ठरलेल्या स्त्रीलाही पुन्हा उभे राहण्याचा हक्क आहे, हे रमाबाईंनी तिथे पाहिले. येशू शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलतो ती हकीकत त्यांना वाचायला मिळाली. चित्पावन कुळातून ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचाही परिणाम होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली.

वाँटेजमध्ये ठिणगी कशावरून पडली?

बाप्तिस्मा झाला म्हणजे आता ही विदुषी निमूटपणे सांगितलेले ऐकेल, अशी चर्चची अपेक्षा होती. झाले उलटे. रमाबाई आणि त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्यातला पत्रव्यवहार पुढे १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात हा संघर्ष पानोपानी दिसतो.

त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव या सिद्धान्ताचा उलगडा झाल्याशिवाय तो मान्य करायला रमाबाई तयार नव्हत्या. बायबलमध्ये हे कुठे आहे, असे त्या विचारत. भगिनींनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. लॅटिनमध्ये असे काय आहे जे संस्कृतमध्ये नाही, हा त्यांचा सवाल होता. त्या शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेला गोड पदार्थही त्यांनी नाकारला. सिस्टरना यात जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंचे म्हणणे होते की धर्म बदलला म्हणून देश आणि सवयी बदलण्याची सक्ती का?

पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची संधी आली, तेव्हा बाईने पुरुषांना शिकवणे योग्य नाही, असा आक्षेप भारतातील अँग्लिकन बिशपांनी घेतला. रमाबाईंनी तेव्हा स्पष्ट कळवले की एका पुरोहितवर्गाचे जू त्यांनी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे. आता दुसऱ्या पुरोहितांचे जू देवाची आज्ञा समजून उचलण्याची त्यांची तयारी नव्हती. देवाने दिलेल्या विवेकबुद्धीला त्या देवाच्या अधिकाराचाच भाग मानत होत्या.

सिस्टर जेराल्डिन यांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांच्या मते विश्वास म्हणजे आज्ञाधारकपणा. शतकांच्या परंपरेने जे ठरवले, ते नवख्या माणसाने एकट्याच्या बुद्धीवर तपासू लागणे त्यांना धोक्याचे वाटत होते. धर्म कोणताही असो, हा पेच आजही सुटलेला नाही.

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी काय बदलले?

रमाबाईंच्या आयुष्यातला हा भाग शाळेच्या पुस्तकांत क्वचित येतो. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियात हजर राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले.

बाहेरून सगळे यशस्वी दिसत होते. तरी १८९१ च्या सुमारास आपल्याला मनाची शांती मिळालेली नाही, हे त्यांना जाणवू लागले. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा माणूस अनेक वर्षे व्यासपीठावरून प्रवचने देत होता. आपल्याला स्वतःला तारणाचा अनुभवच नाही, हे त्याला उशिरा कळले. रमाबाईंना त्यात आपले चित्र दिसले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवेदनात दिली आहे.

मत पटणे, बाप्तिस्मा घेणे, प्रार्थनेला जाणे या सगळ्या गोष्टी करूनही माणूस स्वतःच्याच प्रयत्नांवर विसंबून राहू शकतो. तीर्थयात्रांत सर्वस्व घालवलेल्या आईवडिलांची लेक आता चर्चच्या नियमांत तोच हिशेब करत होती. कृपेची कल्पना तिथे त्यांच्यासाठी पुस्तकातून आयुष्यात उतरली. वाँटेजच्या काळातला सिद्धान्तांबद्दलचा संशय पुढे मावळला, पण माणसांच्या हुकमाबद्दलची सावधगिरी कायम राहिली.

शारदा सदनाचा वाद काय होता?

सदन धार्मिक बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन रमाबाईंनी दिले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. १८९० मध्ये सदन पुण्याला हलले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

टीकाकारांचे म्हणणे होते की पालकांचा विश्वासघात झाला. आश्रित मुलीवर चालकबाईंचा प्रभाव पडणारच, मग दार उघडे आहे की बंद याला किती अर्थ? रमाबाईंचा युक्तिवाद असा, की मुलींना आपल्या घरचा धर्म पाळण्याची मोकळीक होती, तशीच त्यांना ऐकण्याची आणि विचार करण्याचीही असली पाहिजे. दोन्ही बाजू स्वातंत्र्याचीच भाषा बोलत होत्या. एक कुटुंबाच्या, दुसरी त्या मुलीच्या. याच सदनातील सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या आणि हिंदूच राहिल्या.

‘मुक्ती’ उभी राहिली ती कशाच्या भरवशावर?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भुकेने मरणाऱ्या आणि दलालांच्या हाती सापडलेल्या मुली त्यांनी पाहिल्या. लहानपणीचा दुष्काळ त्या विसरल्या नव्हत्या. सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना त्यांनी आणले. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगाव (ता. दौंड) इथे घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. त्या वसाहतीचे नाव ‘मुक्ती’. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

अमेरिकेतील संस्थेने दहा वर्षांसाठी दिलेली मदतीची हमी १८९८ मध्ये संपली. ब्रिस्टलमध्ये अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांच्या उदाहरणावरून रमाबाईंनी पुढे ठरवले की ठरावीक देणगीदारांवर नव्हे, देवावर विसंबायचे. इतक्या तोंडांची जबाबदारी असताना हा निर्णय धाडसाचा होता.

पण हे विसंबणे हातावर हात ठेवून बसण्याचे नव्हते. विहिरी खणल्या, शेती केली. विणकाम, छापखाना, तेलघाणा सुरू केला. अंध मुलींना ब्रेल शिकवले. ज्या मुलींना गावात अपशकुनी मानले जाई, त्या खिळे जुळवून पुस्तके छापू लागल्या. रमाबाईंच्या लेखी प्रार्थना आणि कुदळ यांत विरोध नव्हता. तारण मिळाले म्हणून काम, काम केले म्हणून तारण नव्हे, हा क्रम त्यांनी सोडला नाही.

वऱ्हाडाचा यात काय संबंध?

त्याच काळात वऱ्हाडात अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर या पट्ट्यात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चे काम चालू होते. न्यूयॉर्कमधील धर्मोपदेशक ए. बी. सिम्पसन यांनी १८८७ मध्ये या चळवळीचा पाया घातला. येशू तारणारा आहे, पवित्र करणारा आहे, बरे करणारा आहे आणि पुन्हा येणारा राजा आहे, ही चार सूत्रे म्हणजे त्यांच्या शिकवणीचा सारांश. सातपुड्याच्या डोंगराळ भागात, एलिचपूर आणि मेळघाटाकडे, कोरकूंमध्ये काम करणारे वेगळे मिशन होते.

रमाबाईंचा या वर्तुळाशी थेट संबंध आला. वऱ्हाडात काम केलेल्या जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांवरील अन्यायांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये निघाले. त्याला रमाबाईंची प्रस्तावना आहे. जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज संख्येने अगदी लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी होती.

भुकेल्याने ठेवलेला विश्वास स्वेच्छेचा असतो का?

मुक्तीत आलेल्या बहुतेक मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली. अन्न आणि आसरा देणाऱ्याचा धर्म आश्रिताने घेतला, तर त्यात निवड किती आणि उपकाराचे ओझे किती? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि अभ्यासक आजही विचारतात. त्याची दुसरी बाजूही आहे. त्या मुलींना त्याआधीच्या आयुष्यात निवड कोणी दिली होती?

ख्रिस्ती शिकवणीच्या कसोटीवरही सक्ती टिकत नाही. कृपा ही देणगी असेल, तर ती लादता येत नाही. विश्वास हे मनाने दिलेले उत्तर असेल, तर धान्याच्या पोत्याच्या बदल्यात ते विकत घेता येत नाही.

भारतीय कायदाही याच भेदावर उभा आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २५ धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या त्याच्या मर्यादा आहेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. बळ, फसवणूक आणि आमिष यांना त्यात जागा नाही. नोव्हेंबर २०२४ मधील एका निकालात न्यायालयाने मनापासून विश्वास नसताना केवळ आरक्षणाच्या लाभासाठी धर्म बदलल्याचे सांगणे अमान्य केले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या चौकटीत ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. त्यामुळे दलित कुटुंबासाठी विश्वासाची कबुली ही कागदोपत्रीही मोठी किंमत असते.

भरवसा कधी आंधळा होतो?

‘देव बरे करतो’ या विश्वासाचा गैरफायदा घेणारे सर्व धर्मांत सापडतात. औषध बंद करा, तपासणी नको, नुसती प्रार्थना पुरे, असे कोणी सांगू लागला तर तो स्वतःच्या शब्दाला देवाचा शब्द म्हणवून घेत असतो. शताधिपतीच्या गोष्टीत अधिकार येशूचा आहे, मध्यस्थाचा नाही. मुख्य प्रवाहातील चर्च प्रार्थना आणि वैद्यकीय उपचार दोन्ही मानतात. मिशनची रुग्णालये उभी राहिली ती त्यामुळेच.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. पूजा, प्रार्थना, भजन, कीर्तन, यात्रा यांना तो हात लावत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे किंवा फसवणे हे मात्र गुन्हे आहेत. हा नियम भगत, बाबा, पाद्री सर्वांना सारखाच लागू होतो.

रमाबाईंचे प्रश्न इथे व्यवहारात उपयोगी पडतात. सांगणारा माणूस प्रश्न विचारू देतो का? हे ग्रंथात कुठे आहे, हे दाखवतो का? पैशांचा हिशेब उघड ठेवतो का? नकार दिला तर नाते तुटते का? या चारांची उत्तरे सरळ मिळत नसतील, तर तिथे देवापेक्षा माणसाचाच अधिकार चालतो, असे समजायला हरकत नाही.

शेवटची वर्षे त्यांनी कशाला दिली?

बायबलच्या भाषांतराला. प्रचलित मराठी भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातल्या अल्पशिक्षित बायकांना कळत नाहीत आणि काही शब्दांबरोबर वेदान्ताचे अर्थही येतात, अशी त्यांची तक्रार होती. संस्कृतच्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांतून साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. छपाई मुक्तीच्या छापखान्यात, मुक्तीच्याच स्त्रियांच्या हातांनी होत होती.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. एकुलत्या एका मुलीच्या जाण्यानंतरही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते बायबल बाहेर आले. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करते.

देवाचा शब्द अखेरचा असेल, तर तो प्रत्येकाला आपल्या भाषेत, मध्यस्थाशिवाय वाचता आला पाहिजे. वाँटेजला पत्रांतून मांडलेले म्हणणे रमाबाईंनी असे छापील पानांत उतरवले आणि ती पाने वाचणाऱ्या बायकांनाही प्रश्न विचारण्याची मोकळीक आपोआप मिळाली.